निळा सदरा

"तोंड उघडलंस तर तू माझा पाहुणा नाहीस आणि मी तुझा मामा नाही. ठेव हात इथं, आणि घे शपथ."

नेल्लोमामा फौंड्रीत वाळूच्या पोत्यावर बसला होता. तोंड राखेसारखं झालेलं, कपाळावर घाम आणि डावा हात छातीशी. माझा हात त्यानं स्वतःच ओढून त्या छातीवर ठेवला. आत काय चाललं होतं देव जाणे, दोन ठोके धाड धाड पडायचे आणि तिसरा गायबच. खिशातनं त्यानं एक बारकी डबी काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले.

"डॉक्टरला दाखवलंय का?" मी विचारलं.

"दाखवलंय. वीस तारखेला पेरुज्याला बोलावलंय, मोठ्या दवाखान्यात. तोपर्यंत जड उचलायचं नाही, पळायचं नाही, चढ चढायचा नाही म्हणालाय."

"आणि पंधराला काय करणार तुम्ही?"

"जड उचलून चढावर पळणार," मामा म्हणाला, आणि त्या अवस्थेतसुद्धा हसला. "घे शपथ."

मी घेतली. आयला, दुसरं काय करणार होतो? परक्या मुलखात ज्या माणसानं सात महिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याला नाही कसं म्हणायचं!

मी सर्जेराव. आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला होतो. मालकानं इटलीतनं नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला मला पाठवलं गुब्बिओला. हे जुनं, दगडी गाव. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी बसलेलं, सातशे-आठशे वर्षांच्या इमारती अजून वापरात. तिथल्या फौंड्रीत नेल्लो मुख्य मोल्डर होता. वय एकसष्ट. भाड्याची खोली मिळेना म्हणून त्यानं मला आपल्या घरीच नेलं. सर्जेराव म्हणायला त्याची जीभ वळेना, म्हणून माझा सेर्जो केला. मी त्याला मामा म्हणायला लागलो तर अख्खी फौंड्री खो खो हसली, कारण तिकडं मामा म्हणजे आई. पण त्यानं ते नाव मिरवलं. तो बोलायचा इटालियनच, मीही मोडकंतोडकं तेच बोलायचो. पण आज आठवतो तेव्हा तो कोल्हापुरीतच बोलताना आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

आता पंधरा तारखेचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा येडा होता. पंधरा मेला त्या गावात चेरोची जत्रा असते. चेरो म्हणजे लाकडी मनोरा, तीन माणसं एकावर एक उभी केल्याएवढा उंच आणि तीनशे किलो वजनाचा, वर संताची बारकी मूर्ती. असे तीन. पहिला संत उबाल्दोचा, त्याची माणसं पिवळ्या सदऱ्यात. दुसरा संत जॉर्जोचा, निळे सदरे. तिसरा संत अंतोनिओचा, काळे सदरे. हे मनोरे खांद्यावर घेऊन पळत गावातनं जायचं आणि पळतच डोंगर चढून वरच्या देवळात न्यायचं. मनोऱ्याच्या बुडाला आडवे दांडे, आठ जण त्या दांड्यांखाली, बाकीचे त्या आठांना बाजूनं रेटा द्यायला. दर सत्तर-ऐंशी पावलांवर नवी तुकडी आत शिरते आणि जुनी बाहेर पडते, तेही न थांबता.

"आणि पहिला कोण येतो?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"उबाल्दो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. पुढच्याला मागं टाकायचं नसतं."

"आयला मामा, मग शर्यत कशाची?"

"न पडण्याची," मामा म्हणाला होता.

नेल्लोमामा निळ्यांचा. डोंगराच्या पहिल्या चढावरच्या तुकडीत, उजव्या बाजूच्या पुढच्या दांड्याखाली त्याची जागा होती. ती त्याच्या बापाची जागा. बाप गेल्यावर त्याला मिळाली, आणि तेहतीस वर्षं त्यानं ती एकदाही चुकवली नव्हती. हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती पुतण्याला द्यायची ठरलेली होती. निरोपाच्या वर्षी पळणाऱ्याचा मान मोठा असतो. आपली ऐंशी पावलं संपली की तो दांड्याचं चुंबन घेतो, अख्खा डोंगर त्याच्या नावानं ओरडतो. त्या ऐंशी पावलांसाठी मामा जिवावर उदार झाला होता, आणि ते ठाऊक असलेला माणूस मी एकटा. निदान माझी समजूत तशी होती.

घरी मामी होती, इवानामामी. जाडजूड, कमी बोलणारी, चुलीसमोरनं न हलणारी बाई. तिचं माहेर काळ्यांचं. आणि तिथं लग्नानं रंग बदलत नाही बरं का! एरवी नवराबायको गुण्यागोविंदानं नांदायची, पण मे महिना लागला की ती त्याच्या निळ्या सदऱ्याला हात लावायची नाही. तो बिचारा स्वतः धुवायचा, स्वतः इस्त्री करायचा.

शपथ घेतली त्याच रात्री जेवताना मामानं विषय काढला, "सेर्जो, तुझा तो फोटो दाखव मामीला."

माझ्या पाकिटात सासनकाठीचा फोटो होता. चैत्र पौर्णिमेला जोतिबावर आमच्या गावची काठी जाते. चाळीस हात उंच, रंगीत कापडं गुंडाळलेला कळक, चारी बाजूंनी तोल धरायला दोर, आणि मध्ये कमरेच्या पट्ट्यात बुंधा टेकवून नाचणारा एकच गडी. फोटोत तो गडी मी होतो, गुलालानं ओळखू न येणारा.

मामीनं फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. "हा दमल्यावर काय करतो?" तिनं विचारलं.

"दमलो असं तो कधीच म्हणत नाही. देवाचं काम, दमलो कसं म्हणणार?"

"मग?"

"मागचा माणूस बघत असतो. त्याला वाटलं की तो येतो, खांद्यावर दोनदा थाप मारतो आणि चांगभलं म्हणतो. मग काठी द्यावीच लागते."

"नाही दिली तर?"

"द्यावीच लागते, मामी. आमच्या गावची रीत आहे. नाही दिली तर तो देवासाठी नाचत नव्हता, स्वतःसाठी नाचत होता असं म्हणतात. आणि थाप मारणाऱ्याला कारण विचारायचं नाही."

मामा मोठ्यानं हसला. "इथं असली थाप कुणी मारली ना, तर हात मुळापासनं उपटतील!"

मामी हसली नाही. फोटो पुसून तिनं माझ्याकडं परत दिला आणि भांडी आवरायला उठली.

दोन दिवसांनी तुकडीचा मुकादम ओद्दो घरी आला. बुटका, घोगऱ्या आवाजाचा, सगळ्यांवर खेकसणारा माणूस. मला म्हणाला, "ए हिंदुस्थानी, तू यंदा नेल्लोच्या बाजूनं पळ. बाहेरच्या अंगानं. लाकडाला बोट लावायचं नाही, कळलं?"

मामाला वाटलं, आपल्या निरोपाच्या वर्षी ओद्दोनं आपल्या पाहुण्याला मान दिला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, मामानंच शब्द टाकला असेल. संध्याकाळी मामीनं मला हाक मारली आणि अंगाला टेप लावला. मामाचा जवानीतला निळा सदरा तिनं उसवला होता. खांदे ढिले करून, काखेत कापड घालून ती तो माझ्या मापाचा करत होती.

मामा दारात थबकला. "इवाना! तू? निळा?"

"पाहुणा आहे," ती म्हणाली. "उघडा पळेल का?"

"अगं पण काळ्या दोऱ्यानं शिवतेस की!"

"माझ्या डब्यात निळा दोरा नाही."

दुसऱ्या दिवशी मामा गावाला सांगत सुटला, की तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझी बायको निळ्याला शिवली. मीही हसलो. कशाला हसलो, काय समजून हसलो, माझं मला माहीत.

झोप मात्र उडाली होती. सांगावं तर शपथ मोडते, आणि मामा भर गावात मेल्याहून मेला होतो. तेहतीस वर्षं पळलेला माणूस शेवटच्या दिवशी बाहेर. न सांगावं तर खराच मरतो. दोनदा मी ओद्दोच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा मामीलाच सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो, तर तिनं माझ्यापुढं सूपचा वाडगा सरकवला आणि पाठ फिरवली. "खा," एवढंच म्हणाली.

पंधरा तारीख उजाडली. दुपारी बाराला चौकात मनोरे उभे केले. दांड्यावर पाणी ओतून रिकामे घडे गर्दीत भिरकावले आणि फुटलेल्या खापरांवर लोक तुटून पडले, कारण खापर घरात ठेवलं की बरकत येते. मामा ओरडत होता, गात होता, दिसेल त्याला मिठी मारत होता. मी त्याच्या ओठांकडं बघत होतो. ते निळसर पडले होते.

संध्याकाळी सूर्य अजून डोंगराच्या वर होता, तेव्हा आम्ही पहिल्या चढावर जाऊन उभे राहिलो. खाली गावातनं आरडाओरडा जवळ जवळ येत होता. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. समोरच्या बांधावर बायकांत मामी उभी होती, काळी शाल घेऊन. एरवी ती काळ्यांच्या माणसांत असायची म्हणे. त्या दिवशी आमच्याकडं आली होती.

मामानं डबी काढली, एक गोळी जिभेखाली, एक मुठीत. "ऐंशी पावलं, सेर्जो," तो म्हणाला. "आणि वीसला जातो मी पेरुज्याला. देवाशपथ जातो."

"मामा, पुतण्याला द्या की यंदाच. हात जोडतो."

"शब्द दिलायस तू."

"तोंड उघडणार नाही असा दिलाय," मी म्हणालो. तो पुढं काही बोलणार तेवढ्यात ओद्दो कडाडला, "तयार!"

पिवळ्यांचा मनोरा वळणावरनं वर आला आणि वाऱ्यासारखा निघून गेला. मागोमाग आमचा. असलं धूड पळत अंगावर येताना बघितलं की पाय जमिनीत रुततात. ओद्दोनं हात खाली टाकला, मामा आत घुसला, त्या जागेवरचा आधीचा गडी बाहेर फेकला गेला, आणि उजव्या बाजूचा पुढचा दांडा मामाच्या खांद्यावर बसला. मी बाहेरच्या अंगानं त्याच्या बरोबरीनं पळायला लागलो.

पहिली वीस पावलं त्यानं अशी मारली की मला वाटलं, डॉक्टर गेला खड्ड्यात, या माणसाला काय होतंय! पंचविसाव्या पावलाला त्याचा श्वास ऐकू आला. भात्याला भोक पडलं की येतो तसा आवाज. तिसाव्याला मान वाकडी झाली. तोंडातनं लाळ गळत होती आणि डोळे सरळ वर, देवळाकडं. तोंडानं तो पावलं मोजत होता. पस्तीस. छत्तीस.

मी ओद्दोकडं बघितलं. तो मागच्या बाजूला ओरडत होता. बांधाकडं बघितलं. मामी माझ्याकडंच बघत होती. मामाकडं नाही, माझ्याकडं.

मग मी विचार केला नाही. जे जोतिबावर करतो ते केलं. मामाच्या मोकळ्या खांद्यावर दोनदा थाप मारली आणि बेंबीच्या देठापासनं ओरडलो, "चांगभलं!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. थाप म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, मीच तर सांगितलं होतं. त्यानं मान हलवली. नाही. आणि दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"चांगभलं, मामा!" मी पुन्हा थाप मारली.

त्याच वेळी त्याचं पाऊल चुकलं. गुडघा मुडपला आणि मनोरा आमच्या बाजूला कलला. दोन्हीकडच्या माणसांतनं एकच किंकाळी फुटली. मी त्याला कमरेनं धक्का देऊन बाहेर लोटला आणि खांदा खाली घातला. आईशपथ सांगतो, आभाळ अंगावर आल्यासारखं वाटलं. हाडं करकरली. मागनं कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी माझ्या पाठीला रेटा दिला, पाच-सहा पावलं आम्ही तिरके तिरके गेलो आणि मग तो मनोरा हळूहळू, उपकार केल्यासारखा, सरळ झाला. उरलेली चाळीस पावलं मी काढली. बाहेर पडलो तेव्हा मला उलटी झाली.

मागं पळत आलो. मामा गवतावर उताणा होता, पुतण्यानं डोकं मांडीवर घेतलेलं आणि मामीनं दुसरी गोळी त्याच्या जिभेखाली सारलेली. जिवंत होता. डोळे उघडे होते. लोक त्याच्याभोवती गप्प उभे होते आणि त्याच्या नावानं कुणीही ओरडत नव्हतं.

मी खाली बसलो. "मामा..."

"किती राहिली होती?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"चाळीस."

"चाळीस." तो बराच वेळ श्वास गोळा करत होता. मग म्हणाला, "तू मला आयुष्य दिलंस असं आता हे सगळे म्हणतील. मी मागितलं होतं का तुझ्याकडं? मी चाळीस पावलं मागितली होती."

मी मामीकडं बघितलं. वाटलं, एखादा शब्द तरी बोलेल. तिनं शाल त्याच्या अंगावर नीट केली आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी माझी बॅग दाराबाहेर होती. मामानंच ठेवायला लावली म्हणे. उरलेले दोन आठवडे मी फौंड्रीतल्या वॉचमनच्या खोलीत काढले. मामा वीस तारखेला पेरुज्याला गेला, तिथं छाती फाडून ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. निळा सदरा परत द्यायला घरी गेलो, तेव्हा मामी दारातच म्हणाली, "ठेव तुझ्याकडं." आत बोलावलं नाही. मला फार लागलं ते. विमानात बसलो तेव्हा मनात एकच होतं: आपण आपल्या गावची रीत दुसऱ्याच्या गावात चालवायला गेलो आणि एका भल्या माणसाची शेवटची दौड खाल्ली.

चार वर्षांनी पत्र आलं. मामीचं. डिक्शनरी घेऊन मी दोन रात्री बसलो आणि मग मालनला, माझ्या बायकोला, वाचून दाखवलं.

मामीनं लिहिलं होतं: "गोळ्यांची डबी मला एप्रिलमध्येच सापडली होती. मी अडवलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. ऐकलं असतं, तर ज्या बाईनं आपल्याला खाली ओढलं तिच्याच हातचं त्याला रोज जेवावं लागलं असतं. म्हणून ओद्दोला मी सांगितलं, तो माझा मावसभाऊ. आणि सदरा मी शिवला. तू दोन आठवड्यांत जाणार होतास, त्याचा राग मी तुझ्याबरोबर हिंदुस्थानात पाठवून दिला. मला माफ कर. तो ठणठणीत आहे. दर पंधरा मेला तो सकाळी उठून तुला नावानिशी शिव्या घालतो आणि मग पोटभर जेवतो."

मी डोक्याला हात लावून बसलो. मालन शिवणयंत्रावर होती, गावातल्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवते. पाय न थांबवता ती एवढंच म्हणाली, "शहाणी बाई आहे."

मामीनं इतकं शिताफीनं केलं याचं मला हसू आलं, मामा जगला याचा आनंद झाला. पण त्याची ती चाळीस पावलं, ती काही मला कळली नव्हती. वाटायचं, जीव वाचला की माणसाचा, आता राग कसला?

परवाच्या चैत्रात कळली.

आता मी एकसष्टचा आहे. मणक्याची गादी सरकलीय, डॉक्टरनं काठीला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. रिपोर्ट मी ट्रंकेत तळाला, लग्नातल्या कोटाखाली ठेवला होता. शेवटचं वर्ष, म्हटलं, एकदाच. डोंगरावर आमची काठी शिरली, ढोल-ताशा घुमायला लागला, गुलालानं समोरचं दिसेना. कमरेत कळ अशी निघत होती की डोळ्यांपुढं काजवे. पण देऊळ दिसत होतं. पन्नासेक पावलं राहिली असतील.

आणि खांद्यावर दोनदा थाप पडली.

"चांगभलं, तात्या!" माझा पुतण्या रणजित. सव्वीस वर्षांचा, गोरामोरा झालेला, पण हात पुढं केलेला.

"व्हय बाजूला!" मी म्हणालो.

"तात्या, द्या. थाप मारलीय मी."

रीत ती रीत. दिली. पण खरं सांगतो, माझी बोटं सुटेनात. त्यानं एकेक करून सोडवली. गर्दीनं मला बाजूला टाकलं आणि काठी माझ्याशिवाय पुढं गेली, जराही न अडखळता. एका दगडावर बसून मी ढसाढसा रडलो, आणि तोंडातनं पहिला शब्द आला तो "मामा".

दुपारी डोंगराच्या उतारावर झाडाखाली जेवायला बसलो. रणजित समोर मान खाली घालून बसला होता आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. त्या माझ्याही पिढ्या आहेत हे लक्षात येऊनही थांबत नव्हतो. मालन गुमान वाढत होती. एक पोळी झाली, दुसरी झाली, तिसरीवर तूप ओतलं. मध्येच माझं लक्ष रणजितच्या कमरेकडं गेलं. काठीचा बुंधा टेकवायचा पट्टा कोरा करकरीत होता. मी वाकून बघितलं. लाल कापड, आणि त्यावर ठळक काळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण.

"लाल दोरा नव्हता होय डब्यात?" मी विचारलं.

मालननं माझ्याकडं पाहिलं नाही. "आणखी एक पोळी वाढू?" ती म्हणाली.

मी रणजितला आणखी एक शिवी घातली आणि ताट पुढं केलं.